सहादूनं पाणी बडवलं

बोरकाठच्या खडकाळ टोकावर दोनच घरं होती, एक सहादू साळव्याचं आणि एक कानिफनाथ भोयाचं. बाकीचं गाव मैलभर मागं. जायकवाडीचं धरण भरलं तेव्हा गोदावरीचं पाणी फुगत फुगत शेवगाव तालुक्यात शिरलं आणि सहादूच्या बापाचं दोन एकर रान पोटात घेऊन बसलं. बाप उरलेलं आयुष्य त्या पाण्याकडं पाठ करून जगला. पोरानं मात्र त्याच पाण्यावर पोट भरायचं ठरवलं. ठरवायला काय जातं? गड्याला धड पोहतासुद्धा येत नव्हतं.

पोहायला शिकवलं कानिफनाथानं. वल्हं मारायला, जाळं विणायला, वारा ओळखायलाही त्यानंच. तो पिढीजात भोई, सहादूपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. भोईवाड्यातल्या चौघांनी नाकं मुरडली. बौद्धांचं पोर आता आपलं जाळं धरणार का, असं कुणीतरी तोंडावर विचारलं. कानिफनाथ वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो सहादूच्या दारात गेला, त्याच्या माठातलं तांब्याभर पाणी सगळ्यांच्या देखत प्यायला आणि म्हणाला, चल रे, होडी काढ. विषय तिथंच संपला.

सहादूचा हात सगळ्यात चांगला बसला तो पाणी बडवण्यात. मासेमारीची ती एक रीत आहे. उथळ पाण्यात जाळं अर्धगोल लावायचं, उरलेल्या बाजूनं होडी न्यायची आणि काठीनं पाण्यावर सपासप वार करायचे. मासा आवाजाला भिऊन पळतो आणि सरळ जाळ्यात शिरतो. सहादू बडवायला लागला की काठावरची माणसं हातातलं काम सोडून बघत. त्याला त्याचा गर्वही होता, आणि का नसावा, गरिबाला गर्व करायला एवढी तेवढी जागा हवीच.

मग त्र्याण्णव सालच्या वैशाखात एके दुपारी वादळ आलं. तासभर वारा आणि लिंबाएवढ्या गारा. चौदा होड्यांपैकी अकरा होड्यांचे खडकावर आपटून तुकडे झाले, जाळी बाभळींना चिंध्यांसारखी लटकली, घरांचे पत्रे शिवाराबाहेर सापडले. माणूस मेलं नाही म्हणून सरकारलाही फारसं वाईट वाटलं नाही. पंचनामा झाला, साहेबांनी चहा घेतला आणि जीप निघून गेली. टोकावरच्या दोन घरांत मिळून कानिफनाथाची एक हिरवी होडी तेवढी उरली. तिची बाजू फुटली होती. दोघांनी फळ्या ठोकून, डांबर लावून ती उभी केली आणि एक दिवस तू, एक दिवस मी, अशी पाळी लावून घेतली.

पाळीची एक जुनी रीत भोयांत होती. ज्याची पाळी असेल त्या दिवसाचा मासा त्याचा आणि त्या दिवसाचा दोषही त्याचाच. होडीत कोण बसलं होतं हे कुणी विचारायचं नाही. पाळीचा माणूस जबाबदार.

पण मासळी तरी कुठं मिळत होती? जाळीच नव्हती. लोक ऊसतोडीला जायची भाषा करायला लागले. अशा वेळी शेवगावहून दत्तोपंत गुरुजी आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला हा ब्राह्मण मास्तर निवृत्त झाल्यापासून गळ्यात दुर्बीण अडकवून काठाकाठानं हिंडायचा आणि पाखरांची नावं वहीत लिहायचा. गाव त्याला थोडा सुटलेलाच समजे. त्यानं सभा घेतली आणि सांगितलं, की थंडीत आपल्या पाण्यावर जे रोहित पक्षी येतात ते बघायला नगरचे, पुण्याचे लोक येतील, तुम्ही त्यांना होडीतून न्या, बायका जेवण करतील. आधी लोक हसले. ज्या लांबटांग्यांना आपण कधी मान वर करून बघितलं नाही, त्यांना बघायला माणसं तिसगावच्या खडबडीत रस्त्यानं धक्के खात येणार? पण आली. पहिल्या थंडीत थोडी आली, दुसऱ्या थंडीत पुष्कळ. कालवण-भाकरी खाऊन बोटं चाटत गेली. ज्यांची जाळी उडाली होती त्यांच्या चुली पेटल्या आणि गाव ऊसतोडीची भाषा विसरलं.

गुरुजींचे नियम मोजकेच आणि कडक होते. होडी वल्ह्याचीच हवी. बोलायचं हळू. आणि पाण्यात रोवलेल्या लाल फडक्याच्या बांबूच्या पलीकडं कुणीही जायचं नाही. "पाखरं आहेत म्हणून आपण आहोत," असं ते दर सभेत म्हणत, इतक्या वेळा की लोक त्यांच्या आधी वाक्य पुरं करीत.

पंच्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. पाळी कानिफनाथाची होती. पण त्याच्या बायकोची, मुक्ताबाईची, दाढ ठणकत होती, म्हणून दोघं पहाटेच पायवाटेनं शेवगावला गेली. जाताना त्यानं सहादूच्या दाराची कडी वाजवून सांगितलं, आज माझ्या जागी तू जा. एवढ्या साध्या गोष्टीची गावाला वर्दी कोण देतो? सहादूनं डोक्याला मफलर गुंडाळला आणि निघाला.

त्या दिवशीचे पाहुणे पुण्याचं एक जोडपं. साहेबांच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा. होडी बांबूपाशी थांबली. पाणी संथ, ऊन कोवळं, आणि समोर तीनशे-साडेतीनशे रोहित चिखलात माना घालून उभे. आता रोहित उभा असतो तेव्हा पांढराच दिसतो. त्याचा लाल रंग सगळा पंखाखाली, उडाल्याशिवाय तो दिसत नाही. साहेबांनी घटकाभर वाट पाहिली, मग कॅमेरा खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "एवढ्या लांब आलो ते बगळे बघायला."

सहादूला हे लागलं. पाणी त्याचं, पाखरं त्याच्या पाण्यातली, आणि घरी आलेला पाहुणा ताटावरून उपाशी उठावा तसं त्याला वाटलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. होडी बांबूच्या पलीकडं घातली. मग उभं राहून काठी उचलली आणि आयुष्यभर जे करत आला होता ते केलं. तीनदा पाणी बडवलं.

सगळा थवा एकदम उठला. आभाळ लालभडक झालं. साहेबांचा कॅमेरा कटकटकट वाजत राहिला, बाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि खरं सांगायचं तर सहादूही खुळ्यासारखा हसत उभा राहिला, कारण इतक्या जवळून हे त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाखरं परत बसतील, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. मासा भ्याला तरी पाणी सोडून कुठं जाणार? दोन तासांत तो जागेवर येतो. सहादूचं सगळं शहाणपण माशांवर बेतलेलं होतं.

पाखरं संध्याकाळी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी आली नाहीत. चौथ्या दिवशी कळलं, की थवा पाण्याच्या पार पलीकडच्या तीराला, औरंगाबाद जिल्ह्यात उतरलाय. नाताळच्या सुट्टीतले पाहुणे आले, रिकामा चिखल बघून गुरुजींना चार शब्द सुनावून गेले. बायकांनी थापलेल्या भाकरी पाट्यांत तशाच राहिल्या.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. पाखरं उडाली त्या दिवशी गुरुजी पाहुण्यांना बसवायला आले नव्हते, टेकाडावरून पाखरं मोजत होते. त्यांनी दुर्बिणीतून हिरवी होडी बांबूच्या पलीकडं गेलेली पाहिली होती, काठी उचललेला माणूस पाहिला होता. चेहरा मफलरमुळं दिसला नव्हता. पण होडी कुणाची आणि त्या दिवशी पाळी कुणाची, हे शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं.

"कानिफनाथ, तुझी पाळी होती ना?" त्यांनी विचारलं.

कानिफनाथानं मान वळवून सहादूकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं, आणि बघतच राहिला. बोलायला माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्यानं दिला. सहादू उठायला म्हणून पुढं सरकला. तेवढ्यात त्याला गावातल्या रिकाम्या चुली दिसल्या, चाळीस माणसांचे तापलेले चेहरे दिसले, आणि भोईवाड्यातले ते चौघं दिसले, जे हेच म्हणायला टपलेले असणार, की बघा, म्हणत नव्हतो? त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं ओट्याची माती उकरत बसला.

"व्हय, पाळी माझीच हुती," कानिफनाथ म्हणाला.

खोटं बोलला नाही तो. रीतीप्रमाणं जे खरं होतं तेच बोलला. बायकांच्या घोळक्यात सहादूची बायको कलाबाई बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं, कडी वाजली तेव्हा ती जागी होती. तिनंही पदर तोंडात धरला. मुक्ताबाई तिच्या शेजारीच होती, सुजलेल्या गालानं, आणि ती उठून चालती झाली.

दोन थंड्या कानिफनाथाला होडी बंद, असं ठरलं. आठ दिवसांत तो आणि मुक्ताबाई सोनईकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीला गेले. एका टोळीत नवरा-बायकोची एक जोडी कमी होती, मुकादमानं हंगाम संपेपर्यंतच्या बोलीनं त्यांना ठेवून घेतलं. जन्म पाण्यात गेलेला माणूस पन्नाशीला आल्यावर हातात कोयता धरायला गेला. जाताना होडी सहादूच्याच ताब्यात देऊन गेला, दुसऱ्या कुणाच्या देणार?

इथं सहादूच्या नशिबाची गंमत बघा. महिन्याभरानं पाखरं परत आली. पाहुणेही आले. आणि आता हिरव्या होडीला एकच धनी असल्यामुळं रोजची पाळी सहादूची. ज्या दिवसावर कानिफनाथाचा हक्क होता, त्या दिवसाचीही मिळकत त्याच्या घरात यायला लागली. घरात इतकी बरकत वादळाच्या आधीही नव्हती. तो जेवायला बसला की घास तोंडात फिरायचा.

पण याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती रोज सकाळी घडायची. गुरुजी पाहुण्यांना होडीत बसवण्याआधी काठावर उभं करून चार गोष्टी सांगत. त्यात त्यांनी आता एक नवी गोष्ट घातली होती. "आमच्या इथं कानिफनाथ नावाचा एक होडीवाला होता. पाहुण्यांना खूश करायच्या लोभात त्यानं एकदा पाखरं उडवली. महिनाभर आमचं गाव उपाशी राहिलं." पाहुणे चुकचुकत. लहान मुलं विचारत, मग त्याला काय शिक्षा केली? आणि सहादू वल्हं धरून तीन हातांवर उभा. रोज. नगरच्या वकिलांना, पुण्याच्या प्राध्यापकांना, सहलीच्या पोरींना, सगळ्यांना कानिफनाथाचं नाव कळलं होतं. ज्यानं एका पाखराला कधी खडा मारला नाही, त्याचं नाव सहादूच्या करणीला चिकटून गावोगाव चाललं होतं. सहादूला वाटे, पाण्यात उडी टाकावी. पण पोहायलाही त्याच माणसानं शिकवलं होतं. मेलं बुडताही आलं नसतं.

फेब्रुवारीत एक दिवस त्यानं होडी बांधून ठेवली आणि एसटीनं सोनई गाठली. तळावर पाचटाच्या खोपी ओळीनं उभ्या होत्या. कानिफनाथ नुकताच फडातून आला होता. चेहऱ्यावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, कमरेत वाकलेला. सहादूला बघून त्यानं बसायला पोतं टाकलं. त्या आदरातिथ्यानं सहादूला रडूच फुटलं. तो म्हणाला, नाना, मी शेण खाल्लं. माझं पाप तुमच्या माथी आलं. मला माफ करा.

कानिफनाथानं कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळायला घेतली.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

चहा पाजून त्यानं सहादूला बसथांब्यापर्यंत पोचवलं. वाटेत होडीच्या फळीला पाणी लागतंय का एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर नगरचे पंधरा-वीस पाहुणे उभे होते. गुरुजी नेहमीप्रमाणं त्या गोष्टीवर आले. आमच्या इथं कानिफनाथ नावाचा, एवढं म्हणाले आणि सहादू पुढं आला.

"गुरुजी, ते नाव घेऊ नका. पाखरं म्या उडवली. नाना त्या दिशी शेवगावला हुता."

गुरुजींच्या हातातली वही खाली आली. ते तिथंच दगडावर बसले. भूगोलाच्या मास्तरानं जन्मभर पोरांना सांगितलं होतं, नीट बघा मग लिहा. आणि स्वतः एका मफलरकडं बघून माणसाचं नाव लिहून मोकळे झाले होते.

पाहुण्यांचं मात्र निराळंच. एका बाईंनी डोळे टिपले. किती प्रामाणिक माणूस, खेड्यातच अशी माणसं उरलीत, असं कुणीतरी म्हणालं. एकानं पुढं होऊन सहादूचा हात हातात घेतला आणि दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. सहादू चोरासारखा उभा होता. त्याला वाटलं, यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या सभेतही तेच. तो शिव्या खायच्या तयारीनं गेला होता. भोईवाड्यातले ते चौघंसुद्धा काही बोलले नाहीत. उलट त्यातला एकजण म्हणाला, की आपणहून बोलला हे काय थोडं झालं? कानिफनाथावरची बंदी उठली. सहादूवर बंदी घालायची गोष्ट मात्र कुणी काढलीच नाही. हंगाम भरात होता, वल्हं मारणारे हात कमी होते. झालं गेलं सोडा, असं म्हणून लोक घोंगड्या झटकत उठले. कानिफनाथाला निरोप धाडू, हंगाम संपला की येईल, मुकादम आता मधेच कुठं सोडतोय. जो काहीच न करता गेला होता त्याला हंगाम भरावाच लागणार होता, आणि ज्यानं केलं होतं त्याला शाबासकी.

घरी कलाबाईनं ताट वाढलं. सहादू हात न लावता बसून राहिला. तीही जेवली नाही.

"तुमचं कौतुक झालं म्हनं," ती म्हणाली. "तिकडं मुक्ताबाईच्या डोक्यावर मोळी हाय. मी बी गप्प बसले हुते तिच्या शेजारी. मला बी न्हाई गिळायचं हे." मग थोड्या वेळानं, भांडी आवरता आवरता, तिनं विचारलं, "मुकादमाला माणसंच पायजेत ना? मंग त्यांच्या जागी आपली चालत्याल की."

सहादूनं हे मनात कितीदा आणलं होतं, पण बायकोला उसात ओढायचं कोणत्या तोंडानं, म्हणून गिळलं होतं. आता ते तिनंच बोलून दाखवलं, आणि त्याला सुटका वाटण्याऐवजी आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं दुसऱ्या दिवशी तळावर पोचले. मुकादमानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. कोयत्याला जोडी पाहिजे, ती कोणती का असेना, असं म्हणून तो आपल्या कामाला लागला. कानिफनाथ आधी ऐकेना. असं करू नको, बाईमाणसाला कशाला, असं दोनदा म्हणाला. सहादूनं त्याच्या हातातून कोयता काढून घेतला. कानिफनाथानं तो सोडला. आपलं गाठोडं बांधलं, आणि इथं आंघोळीपुरतंसुद्धा पाणी बघितलं नाही, असं पुटपुटत रस्त्याकडं चालायला लागला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. सहादूनंही पुन्हा विचारलं नाही.

मुक्ताबाई मागं राहिली. सभेच्या दिवसापासून ती कलाबाईशी एक अक्षर बोलली नव्हती, आत्ताही तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. पण जाता जाता ती थांबली, कलाबाईचा पदर ओढून तिनं तिच्या कपाळावरून, कानांवरून घट्ट बांधला आणि दोन पाचटं पिळून मोळीची गाठ कशी मारायची ते करून दाखवलं. तिच्या तळहातांवर भेगा पडल्या होत्या, त्यांत काळं भरलं होतं.

"डोळं जप," ती म्हणाली. "पात लागलं तर आठ दिस दिसत न्हाई. हाताला पहिले चार दिस लई झोंबंल, मंग कळंना हुतं."

कलाबाईनं मान हलवली आणि गाठ मारून बघितली. ती सुटली. मुक्ताबाईनं ती पुन्हा मारून दाखवली. सहादू चार पावलांवर कोयता घेऊन उभा होता. आपल्या तीन फटक्यांची आणि एका गप्प बसण्याची भरपाई आपल्या बायकोला धड्यासारखी शिकवली जात होती आणि ती मन लावून शिकत होती. त्याला वर बघवेना. तो वळला, वाकला आणि पहिल्या उसाच्या बुडाशी कोयता घातला.